बंद इन्व्हर्टरची बॅटरी १५.८ व्होल्ट दाखवते. खोटं कोण बोलतंय, मीटर की बॅटरी?

झेरॉक्सवाली

नमस्कार मंडळी. दोनेक वर्षं इथे नुसती वाचत आले. आज लिहायला बसले कारण प्रश्न साडेचौदा हजारांचा आहे.

देवरुखला माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही, म्हणून इन्व्हर्टर घेतला. मोठं मशीन त्याच्यावर चालत नाही, पण कॉम्प्युटर, छोटा प्रिंटर, दिवे आणि पंखा चालतात. फॉर्म भरायच्या दिवसांत तेवढंही पुरतं. त्याला १२ व्होल्टची, १५० एएचची एक उंच ट्युब्युलर बॅटरी आहे. तीन वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात बॅटरीतलं पाणी जरा लवकर खाली गेल्यासारखं वाटलं, म्हणून नेहमीच्या मेकॅनिकला बोलावलं. सकाळपासून लाइट होती, इन्व्हर्टरवर 'फुल्ल'चा हिरवा दिवा लागलेला. त्याने मीटर लावला तर १४.९ आले. म्हणाला, "ताई, चार्जिंगचं कार्ड गेलं. जास्त व्होल्टेज सोडतंय, बॅटरी उकळतेय. प्लेटा जाणारच. दोन्ही एकदम बदलून टाका." साडेचौदा हजार सांगितले आणि चहा पिऊन गेला.

मला ते पटेना. माझ्याकडे एक पिवळा मल्टिमीटर आहे, मुलाने डिप्लोमाला असताना रत्नागिरीहून दोनशे रुपयांना आणलेला. मुलगा आता पुण्याला नोकरीला. मीटर ड्रॉवरमध्ये स्टेपलच्या पिना आणि शाईच्या पॅडांच्या गर्दीत पडून होता. यंदा गणपतीत मुलाने दिव्यांच्या माळा दुरुस्त करायला तो बाहेर काढला आणि नंतर चार-पाच दिवस तसाच चालू ठेवून गेला. मी बघितलं तेव्हा बंद केला.

मग मी स्वतःच मोजलं. चार्जिंग चालू असताना १७.३! मेकॅनिकपेक्षाही जास्त. पोटात गोळा आला. त्या रात्री इन्व्हर्टर बंद केला, त्याचा प्लग काढून ठेवला, आणि सकाळी दुकान उघडल्या उघडल्या परत मोजलं तर १५.८. म्हणजे कुणी काही सोडत नसतानाही १५.८? बॅटरी रात्रभर एकटी बसून कुठून आणते?

आणखी एक. दुकानात मी पेन्सिल सेल विकते, घड्याळाला लागतात ते. त्यातला एक नवा कोरा सेल मोजला. वर १.५ छापलंय, मीटर म्हणतो १.९८. मोबाइलचा चार्जर ५ चा, तर ६.४. शिवाय मीटरवरचे आकडे जरा फिके वाटतात, तिरका धरला की नीट दिसतात. डोळे पण पन्नाशीचे आहेत, तो दोष माझाही असेल.

तर प्रश्न असे:

माझी वायर चुकीच्या भोकात आहे का? मीटरला तीन भोकं आहेत. काळी सगळ्यात खालच्यात, लाल मधल्यात, वरचं रिकामं.

दुसरं, मीटरची बॅटरी बदलायची तर ती चौकोनी ९ व्होल्टची इथे मिळत नाही, रत्नागिरीहून मागवावी लागेल. त्याऐवजी घरात पडलेला ९ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर चालेल का? एकदाच वायर जोडली की कटकट संपली.

---

सर्किटवेडा

ताई, भोकं बरोबर आहेत. मला वाटतं मेकॅनिक बरोबर बोलतोय, १७.३ म्हणजे भयंकर ओव्हरचार्जिंग आहे. लगेच इन्व्हर्टर बंद ठेवा.

मीटरला अडॅप्टर बिनधास्त लावा. मी होस्टेलवर तेच केलंय. बॅटरीची क्लिप कापायची, त्या जागी अडॅप्टरची पिन. ९ व्होल्ट म्हणजे ९ व्होल्ट, मीटरला काय कळतंय ते कुठून आले.

---

ओहमकार

सर्किटवेडा, बाळा, थांब. ताई, तुम्हीही थांबा. आधी अडॅप्टर खाली ठेवा आणि साडेचौदा हजार गल्ल्यातच राहू द्या.

मी सांगलीला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो, आता निवृत्त आहे. दरवर्षी पहिल्या महिन्यात एक तरी पोरगा येऊन सांगायचा, "सर, हा सेल दोन व्होल्टचा आहे." सेल दोन व्होल्टचा नसायचा. मीटरच्या पोटातली बॅटरी मरत आलेली असायची.

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, तुम्ही स्वतःच शोधलंय. बॅटरी १५.८, सेल १.९८, चार्जर ६.४. आता उलटा हिशोब करा. १२ व्होल्टच्या लेड ॲसिड बॅटरीत सहा घरं असतात. पूर्ण भरलेलं घर स्वस्थ बसलेलं असताना २.१ व्होल्टच्या आसपास देतं. सहा गुणिले २.१, झाले १२.६. चार्जिंग काढून रात्रभर ठेवलेली बॅटरी १५.८ दाखवूच शकत नाही, ते तिच्या रसायनातच नाही. १५.८ ला १२.६ ने भागा, १.२५ येतात. आता १.९८ ला १.२५ ने भागा, १.५८. नव्या पेन्सिल सेलचा आकडा हाच. ६.४ ला भागा, ५.१. चार्जर पण शहाणा. आणि १७.३ ला भागलंत तर १३.८ येतात. तुमची भरलेली बॅटरी इन्व्हर्टर ज्या व्होल्टेजवर तरंगती, म्हणजे भरलेलीच राहील अशी, ठेवतो ना, ते नेमकं हेच.

म्हणजे सगळ्या गोष्टी एकाच पटीत जास्त येतात. चार जण एकाच पटीत खोटं बोलत नाहीत, बोलतो तो मोजणारा.

आता हे का होतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं बॅटरी उतरली की मीटर कमी दाखवेल. उलट होतं. आपल्याकडे तांदूळ मापट्याने मोजायचे, आठवतं? रास तेवढीच, पण मापटं लहान झालं तर मापटी जास्त भरतात. आणि मोजणारा शपथेवर सांगतो, तांदूळ वाढले. मीटरच्या आत असंच एक मापटं असतं, एक ठरलेलं छोटं व्होल्टेज. बाहेरून आलेलं व्होल्टेज त्या मापट्याने किती वेळा भरतं, एवढंच तो मोजतो. हे मापटं ९ व्होल्टच्या बॅटरीतून तयार होतं. बॅटरी सातच्या वर आहे तोवर मापटं पक्कं. त्याच्या खाली गेली की मापटं झिजायला लागतं आणि प्रत्येक आकडा फुगतो. काही मीटर अशा वेळी कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह दाखवतात. स्वस्तातल्या काहींत ते चिन्ह कधी उगवतच नाही.

फिके आकडे हीसुद्धा तीच खूण. डोळ्यांना दोष देऊ नका.

अडॅप्टरचं सांगतो. मीटरचं काळं भोक, कॉम, आतून त्याच ९ व्होल्टच्या बॅटरीशी जोडलेलं असतं. तुम्ही कधी प्लगमध्ये २३० व्होल्ट मोजायला गेलात आणि काळी पिन फेजवर टेकली, तर आतली ती छोटी बॅटरी सगळी २३० वर तरंगते. प्लास्टिकच्या पेटीत बंद असते म्हणून कुणाला काही होत नाही. आता तिच्या जागी अडॅप्टरची वायर आली तर ती वायर २३० वर, पेटीच्या बाहेर, तुमच्या टेबलावर. मधे राखण करायला उरलं ते फक्त अडॅप्टरच्या आतलं इन्सुलेशन. शंभर रुपयांच्या अडॅप्टरवर मी माझा जीव टाकणार नाही.

आणि तोच अडॅप्टर किंवा एखादी वायर त्याच इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून घेतली, म्हणजे जे मोजायचं त्याच्यावरच मीटर चालवला, तर आकडे वेडेवाकडे येतात किंवा मीटर जातो. हातातला मीटर सगळ्यांपासून सुटा असतो म्हणूनच तो कुठेही दोन पिना टेकवू शकतो. ते सुटेपण बॅटरीमुळे आहे.

बॅटरी रत्नागिरीहून मागवा. साधी झिंकची घेतली तर पंचवीस-तीस रुपयांत येते, पण ड्रॉवरमध्ये वर्ष-वर्ष पडून राहणाऱ्या मीटरला अल्कलाइन घ्या. महाग आहे, पण टिकते.

---

पान्हा-पक्कड

ओहमकार सरांशी शंभर टक्के सहमत. मी डोंबिवलीला घरगुती मशीन दुरुस्त करतो.

त्या वरच्या रिकाम्या भोकाबद्दल एक सांगायचंय, कारण ताईंनी ते विचारलं नाही आणि नेमकं तिथेच माझा अंगठा भाजला होता. ते १० अँपिअरचं भोक. करंट मोजायचा तेव्हाच लाल पिन तिथे घालायची. त्या भोकात लाल पिन घालून तुम्ही व्होल्टेज मोजायला गेलात, तर मीटरच्या आत एक जाड तार दोन पिनांना सरळ जोडते. म्हणजे तुम्ही बॅटरीला लोखंडी सळईच आडवी टाकली असं समजा. आणि या पिवळ्या मीटरमध्ये त्या भोकाला फ्यूज नसतो. शेजारी 'अनफ्यूज्ड' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते वाचायला कोण बसतं?

मी आदल्या दिवशी एका मोटरचा करंट मोजला होता. दुसऱ्या दिवशी घाईत इन्व्हर्टरच्या बॅटरीला पिना टेकवल्या. फट् करून आवाज, निळा उजेड, आणि लाल पिनेचं टोक वितळून बॅटरीच्या टर्मिनलवर थेंबासारखं चिकटलं. वायर हातात मऊ झाली. त्या दिवसापासून काम झालं की लाल पिन मधल्या भोकात परत घालूनच मीटर पेटीत ठेवतो, दुसऱ्याने हात लावला असेल तर उचलल्यावर पहिलं तेच बघतो.

ताई, आणखी एक. बॅटरीवर वाकण्याआधी हातातल्या बांगड्या, पाटल्या काढा. हसू नका. दोन टर्मिनलांवर सोन्याची पाटली आडवी पडली तर काय होतं ते मी बघितलंय.

---

झेरॉक्सवाली

पाटल्या काढल्या. हसले नाही.

ओहमकार सर, मापट्याचं वाचून मी दुकानात बसून मोठ्याने 'हां!' म्हटलं, गिऱ्हाईक दचकलं. माझी आजी अधोलीने भात मोजायची, आणि तिची अधोली आतून चेचलेली आहे असं गावभर बोललं जायचं. मला वाटायचं त्यात भात कमी मावतो म्हणून ती भात वाचवते. आता कळलं, देताना वाचायचा आणि घेताना जास्त मोजला जायचा.

बॅटरी उद्या येतेय. रत्नागिरीच्या एसटीच्या कंडक्टरला सांगितलंय. एक नको, पाच मागवल्यात. लोकांकडे असे मीटर असणारच, दुकानात ठेवते.

आता बदलायची कशी ते सांगा. मागे दोन स्क्रू दिसतायत. आणि मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तू उघडू नकोस, मी दिवाळीला येतो." म्हणून मी नक्की उघडणार आहे.

---

ओहमकार

उघडा. तुमच्या हातात स्क्रू ड्रायव्हर बघून त्याला बरं वाटेल.

पहिलं म्हणजे दोन्ही वायरी मीटरमधून उपटून बाजूला ठेवा. खटका ऑफवर. मगच स्क्रूला हात. वायरी लावलेल्या असताना मागचं झाकण उघडायचं नाही, कुठेही टेकवलेल्या नसल्या तरी नाही. सवयच तशी लावून घ्या.

दोन स्क्रू काढले की मागचं झाकण निघतं. आत बॅटरी क्लिपला लटकलेली दिसेल. बॅटरीच्या डोक्यावर दोन बटणं असतात: छोटं गोल ते अधिक, मोठं कोनाकोनांचं ते उणे. क्लिप सरळ ओढू नका, एका बाजूने नखाने उचला, नाहीतर त्या बारीक लाल-काळ्या वायरी तुटतात. क्लिप आत हिरवी किंवा पांढरी झाली असेल तर खोडरबराने घासा. निळा-लाल असतो ना, त्याच्या निळ्या टोकाने. तुमच्या दुकानात तोटा नाही. अल्कलाइन बॅटरी गळून पांढरी भुकटी पडली असेल तर कापसावर लिंबाचा रस घेऊन पुसा, मग ओल्या कापडाने, मग कोरडं.

आता एक गोष्ट करायची नाही. आत हिरव्या बोर्डाला आणखी स्क्रू दिसतील, त्यांना हात लावू नका. बोर्ड उचलला की खटक्याखालून दोन छोटे छर्रे स्प्रिंगसकट उडतात आणि कपाटाखाली जातात. मी वर्गात पंचवीस वर्षं हे सांगितलं आणि पंचवीस वर्षं कपाटं सरकवली.

तसाच आत एक छोटा गोल पेच असतो, त्यात आडवी खाच. तोही फिरवायचा नाही. ते मापटं लहान-मोठं करायचं चक्र आहे.

झाकण लावताना बॅटरीच्या वायरी स्क्रूच्या खांबाखाली येत नाहीत ना बघा. मग वायरी लावा: काळी खालच्या भोकात, लाल मधल्या. खटका २०० ओहमवर करून दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. आकडा शून्याजवळ यायला हवा, ०.४, ०.६ असा काहीतरी. तो वायरींचा स्वतःचा रोध. सुट्या धरल्या की डावीकडे नुसता '१' येईल. त्याचा अर्थ एक नव्हे, 'माझ्या आवाक्याबाहेर'. मग खटका डीसीच्या २० वर. डीसी म्हणजे सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ. नागमोडी रेघेकडे जायचं नाही, ती घरच्या लाइटची. आणि तुमच्या त्या कोऱ्या पेन्सिल सेलने तपासा. १.५५ ते १.६३ मधे काही आलं की झालं.

तो सेल मीटरबरोबर ड्रॉवरमध्येच ठेवा, घड्याळाला घालू नका. कुठलीही मोठी मोजणी करण्याआधी त्याचं दर्शन घ्या. मी अजून घेतो.

---

सर्किटवेडा

सर, एक कबुली द्यायचीये. तुम्ही त्या खाचेच्या पेचाबद्दल लिहिलंत आणि मला घाम फुटला.

माझा मीटर मागच्या वर्षी जास्त दाखवत होता. मी व्हिडिओ बघून तो पेच फिरवला आणि मित्राच्या मीटरशी आकडे जुळवले. महिन्याने बॅटरी पूर्ण गेली, म्हणून तो अडॅप्टर लावला. तेव्हापासून सगळं कमी दाखवतोय. मी समजत होतो मीटर बिघडला. म्हणजे मी मरत्या बॅटरीवर कॅलिब्रेट केलं होतं?

आणि रिचार्जेबल ९ व्होल्टची चालेल का? यूएसबीने चार्ज होणारी मिळते.

---

ओहमकार

हो. तू झिजलेल्या मापट्यावर खूण केलीस, मग मापटं परत मोठं झालं.

तुझ्या मीटरच्या आत बहुतेक ७१०६ घराण्याची चिप असेल, या सगळ्या पिवळ्या मीटरांचं काळीज तेच. इंटरसिलची ही जुनी रचना, नंतर तिच्या किती नकला निघाल्या त्याला गणती नाही. ती स्वतःच्या अधिक टोकापासून सुमारे २.८ व्होल्ट खाली कॉमचं व्होल्टेज धरून ठेवते. त्यातून तो पेच १०० मिलिव्होल्ट काढतो. मापटं ते. बॅटरी खाली गेली की ते २.८ ढळतात आणि त्याबरोबर तुझे १०० सुद्धा. आता आधी अडॅप्टर काढ, क्लिप परत लाव, नवी बॅटरी घाल, आणि मगच पेच फिरव. जुळवायला मित्राचा मीटर घेऊ नकोस, त्याची बॅटरी कोणी बघितलीये? पुण्यात आहेस तर तपकीर गल्लीत एडी५८४ चा छोटा बोर्ड विचार. तुलनेसाठी २.५, ५, ७.५ आणि १० असे पक्के व्होल्ट देतो. आपल्या कामाला पुरून उरतो.

रिचार्जेबल घ्यायची तर छापलेला आकडा बघ. ७.२ वाली मीटरला घेऊ नकोस, ती भरलेली असतानाच काठावर असते. ८.४ वाली चालते, पण ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्या आपोआप उतरत जाते, काढशील तेव्हा रिकामी. यूएसबीवाल्या लिथियममध्ये आत व्होल्टेज बदलणारं सर्किट असतं. माझ्याकडच्या एकीवर मीटरचा शेवटचा आकडा नाचत होता, २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर तर तमाशाच. रोज दहा तास मीटर लागत असेल तर वेगळा विचार कर. नाहीतर अल्कलाइन घाल आणि खटका बंद करायला शिक. या मीटरला आपोआप बंद व्हायची सोय नसते. एक-दोन मिलिअँपिअर खातो. चालू विसरलास तर दहा-पंधरा दिवसांत बॅटरी संपली समज. ताईंचा मुलगा गणपतीत पाच दिवस विसरला, तिथेच निम्मी कथा झाली.

---

झेरॉक्सवाली

कळवते. जरा मोठं लिहितेय, पण गंमत शेवटी आहे.

बॅटऱ्या काल संध्याकाळच्या गाडीने आल्या. रात्री दुकान बंद केल्यावर काउंटरवर वर्तमानपत्र पसरून मीटर उघडला. जुनी बॅटरी मीटरबरोबर आलेलीच होती, एका बाजूने फुगलेली. क्लिपवर हिरवट बुरशीसारखं होतं, खोडरबराने साफ निघालं. छर्रे आपल्या जागी आहेत, मी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

नवी लावली आणि पहिल्यांदा कळलं की या मीटरचे आकडे काळे कुळकुळीत असतात. पिना टेकवल्या, ०.५. सेल, १.५८. सर, तुम्ही भागाकार करून काढलेला आकडाच. मी सेलला नमस्कार केला.

समोरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या दादांकडे जाऊन मुद्दाम जुनी बॅटरी त्यांच्या मीटरवर मोजून घेतली. ५.९. नऊच्या बॅटरीत सहासुद्धा नव्हते आणि तेवढ्यावर तो मला ठणकावून १५.८ सांगत होता.

आज सकाळी, इन्व्हर्टर रात्रभर बंद ठेवून, मोठी बॅटरी मोजली: १२.५८. मग इन्व्हर्टर चालू करून, तासाभराने हिरवा दिवा लागल्यावर परत: १३.७९. बॅटरीचं पाणी पण बघितलं. सहा घरांपैकी एकाचंच बुच सैल होतं, तिथूनच ते उडत असणार. बाकी सगळी खुणेला. भरलं, बुच घट्ट केलं.

मग मेकॅनिकला फोन केला. तो कार्डाची किंमत सांगायला लागला, मी म्हटलं एकदा येऊन जा. आला. परत चार्जिंगवर मोजलं, त्याच्या मीटरवर १४.९, माझ्यावर १३.८. तो म्हणाला, "ताई, तुमचा दोनशेचा मीटर, माझा अठराशेचा."

मी ड्रॉवरमधून सेल काढून त्याच्यासमोर ठेवला. आधी माझ्या मीटरवर, १.५८. मग म्हटलं, आता तुमचा लावा.

१.७१.

तो सेल उलटा-सुलटा करून बघायला लागला. मी पाकीट फोडून दुसरा दिला, १.७१. तिसरा, १.७०. मग काही न बोलता त्याने मीटर पालथा घातला, मागचं छोटं झाकण उघडलं, बॅटरी बाहेर काढून जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं.

म्हणाला, "तुमच्याकडे नऊची मिळते का?"

मी म्हटलं कालच आली. तीस रुपये घेतले. मागच्या चहाचे नाही लावले.